सौंसरला दिसलेला एक आकडा

नितीन आमच्या प्रयोगशाळेत माझ्या शेजारच्या टेबलावर काम करतो. तो मूळचा सौंसरचा. दर हिवाळ्यात त्याच्या घरून संत्र्यांची पेटी येते. प्रयोगशाळेत खायला बंदी, म्हणून आम्ही सगळे जिन्यात बसून ती संपवतो. सौंसर मध्य प्रदेशात आहे एवढं मला ठाऊक होतं, पण तो आईशी फोनवर मराठीत बोलतो हे ऐकून पहिल्या वर्षी मी त्याला विचारलं होतं, "तुम्ही तिकडे कधी गेलात?" तो म्हणाला, "आम्ही कुठेच गेलो नाही. रेषा आमच्यावरून गेली."

त्याच्या गावाकडे मी सहा दिवस राहून आले. देऊळ, नदी, डोंगर पाहायला गेले नव्हते, तरी थोडं थोडं सगळं पाहिलं. गेले होते एक यंत्र घेऊन. तिथे चंद्रकलाबाई नावाच्या एका बाईंना त्या यंत्रावर एक आकडा दिसला, जो त्यांना दिसायला नको होता. त्या आकड्याचं पुढे काय झालं ते लिहिण्यासाठीच हे प्रवासवर्णन.

पांढुर्णा

नागपूरहून गाडी निघाली की तासा-दोन तासांत पांढुर्णा येतं. रुळाच्या दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, आणि मध्येच गडद हिरव्या चौकोनात संत्र्याचे बगीचे. आमच्याकडे, गडहिंग्लजच्या बाजूला, ऊस माणसाच्या डोक्यावर जातो आणि लांबचं काही दिसत नाही. इथे जमीन उघडी, काळी, लांबपर्यंत दिसणारी. मी डब्याच्या दारात उभी राहून पाहत होते आणि मांडीशी थर्माकोलचा डबा धरून होते. त्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये तीनशे पट्ट्या होत्या.

पट्टी म्हणजे बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा. त्याच्या टोकावर काळ्या शाईचा ठिपका. शाईत ग्राफीन असतं. पेन्सिलीचं शिसं म्हणजे कार्बनचे थरावर थर. त्यातला एकच थर वेगळा काढला तर ते ग्राफीन. त्यातून वीज फार सहज वाहते. त्या ठिपक्यावर आम्ही काही विकरं, म्हणजे एन्झाइम, बसवतो. रक्तातलं क्रिएटिनीन त्यांच्या तावडीत सापडलं की शेवटी थोडासा विजेचा प्रवाह निर्माण होतो. प्रवाह मोजला की क्रिएटिनीन कळतं, आणि क्रिएटिनीन वाढलेलं असलं की मूत्रपिंडं मागे पडताहेत असं समजायचं. निरोगी बाईचा आकडा एकच्या आतबाहेर असतो. बोटातलं थेंबभर रक्त, दोन मिनिटं, आणि मोबाइलएवढ्या यंत्रावर आकडा. पुण्यात, आमच्या प्रयोगशाळेत, हे चालत होतं. गावात, उन्हात, कामाच्या हातांवर चालतं का, ते पाहायचं होतं. नितीन यायचा होता, पण ऐनवेळी त्याला डेंगू झाला आणि मी एकटी निघाले.

पांढुर्ण्याच्या डॉक्टरबाई आमच्या प्रकल्पात होत्या. पन्नाशीच्या, बारीक, भरभर बोलणाऱ्या. त्या प्रत्येकाचं नळीभर रक्त काढून नागपूरला पाठवणार आणि त्याच माणसाच्या बोटाचा थेंब मी पट्टीवर घेणार, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे असं ठरलं होतं. संस्थेच्या समितीने परवानगी देताना एक अट घातली होती: पट्टीचा आकडा रक्त देणाऱ्या कुणालाही सांगायचा नाही, कारण तो अजून सिद्ध झालेला नाही.

पहिल्याच सकाळी माझी फजिती झाली. संमतीपत्रं मी मोठ्या काळजीने सोप्या मराठीत लिहून, छापून नेली होती. दवाखान्यात आलेल्या पहिल्या काकांनी कागद उलटसुलट केला आणि परत दिला.

"हिंदीत नाही का, मॅडम?"

"काका, तुम्ही मराठीच बोलताय की."

"बोलतो मराठीच. शाळा हिंदीत झाली ना माही. हे वाचाले बसलो तं संध्याकाळ होईन."

माझं सगळं शिक्षण गावातल्या शाळेच्या मराठीवर उभं राहिलेलं. घरची भाषा एक आणि पाटीवरची दुसरी असं वाढलेले मराठी लोक मी कधी पाहिले नव्हते, आणि त्यांचा विचारही केला नव्हता. डॉक्टरबाईंनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत बसून सगळं हिंदीत उतरवून दिलं. मी आभार मानायला लागले तर म्हणाल्या, "आभार नंतर मान. आधी जेव. कढी गरम आहे." कढीबरोबर गोळाभात होता: भातात शिजवलेले डाळीचे गोळे कुस्करायचे आणि वरून मोहरी-मिरचीची कडकडीत फोडणी ओतायची. आमच्याकडे भाताला एवढं तेल कुणी दाखवत नाही. मी तीनदा घेतला.

त्या दिवशी दवाखान्यात बावीस जणांचे थेंब घेतले. आकडे शांत, समजूतदार होते. रात्री नितीनला फोनवर म्हटलं, सगळं नीट आहे, तू झोप.

सौंसर, मंगळवार

सौंसरला मी नितीनच्या काकूंकडे, प्रमिलाकाकूंकडे, उतरले. बसस्टँडजवळ घर, मागच्या बाजूला लिंबाचं झाड आणि दोन खाटा. काकूंनी सकाळी तर्री-पोहे समोर ठेवले. पोह्यांवर लाल तवंगाचा हरभऱ्याचा रस्सा. तिखटाचं मला नवल नव्हतं, मी कोल्हापूरकडची. पण पोह्यांवर रस्सा ओतलेला पाहून हात थांबला.

"काय पाह्यते? खा," काकू म्हणाल्या. "नितीन म्हणे, ते पोट्टी भल्ली तिखट खाते. आता दाखव."

डॉक्टरबाई गाडी घेऊन आल्या आणि आम्ही रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या एका संत्र्याच्या शेडवर गेलो. पत्र्याचं लांबलचक छप्पर, तिन्ही बाजूंनी उघडं. जमिनीवर संत्र्यांचे ढीग, त्याभोवती बायका बसलेल्या. एकेक फळ हातात घ्यायचं, फिरवायचं, हलकंसं दाबायचं आणि आकाराप्रमाणे वेगळं टाकायचं. याला छटाई म्हणतात. त्यांचे हात इतके भराभर चालत की फळ हातात थांबलं असं दिसतच नव्हतं. पुरुष क्रेट भरून ट्रकवर चढवत होते. हवेत सालीचा तिखटगोड वास. आमच्या गावात संत्रं आजारी माणसाला भेटायला जाताना घेतात, चार नाही तर सहा. इथे मी टोपलीत पाय पडू नये म्हणून जपून चालत होते.

सगळ्या बायकांची पुढारी म्हणजे चंद्रकलाबाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, पदर कमरेला खोचलेला, आवाज शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. मी संमतीपत्र वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "मतलब, एका बोटाले सुई, एका हाताले सुई. बस ना?"

"बस एवढंच."

"मंग भिऊन कायले राहिल्या गं तुम्ही? चला, हात धुऊन या. पुण्याची बाई आली हाय, तिच्यापुढं असे काळे हात घेऊन बसाल का?"

बायका हसत शेडच्या मागे गेल्या आणि हात पुसत परत आल्या. मी प्रत्येकीचं बोट स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, सुई टोचली, थेंब घेतला. पुरुषांचे थेंब सकाळीच झाले होते आणि ते ठीक होते. बायकांचे आकडे मात्र उड्या मारायला लागले. एकीचा दोन, दुसरीचा तीन, तिसरीचा एक, चौथीचा पुन्हा तीन. माझ्या मनात आलं, ऊन. पट्ट्या तापल्या असणार. मी डब्यातला बर्फ चाचपला.

चंद्रकलाबाईंचा नंबर आला तेव्हा ऊन तिरपं होऊन यंत्राच्या काचेवर पडत होतं आणि मला काही वाचता येईना. सावली करायला मी यंत्र वळवलं. वळवलं ते नेमकं त्यांच्याकडे.

त्या वाकून पाहत होत्या. "चार आन् मंग एक," त्या म्हणाल्या.

मी यंत्र ओढून घेतलं. "मावशी, हा आकडा पक्का नाही. यंत्र अजून शिकतंय. खरा रिपोर्ट नागपूरहून येईल, परवा."

"हाव," त्या म्हणाल्या. मग डॉक्टरबाईंसमोर हात लांब करून बसल्या आणि नळीत रक्त जाताना दुसरीकडे पाहत राहिल्या. ढिगाजवळ जाऊन पुन्हा छटाई करायला लागल्या. मघाचा आवाज मात्र मला दिवसभर पुन्हा ऐकू आला नाही, आणि तो ऐकू येत नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी बर्फाच्या काळजीत होते.

संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक सरांना पुण्याला फोन केला. सगळे आकडे वाचून दाखवले. ते म्हणाले, "पट्ट्या प्रवासात खराब झाल्या असतील. उरलेल्या वाया घालवू नकोस, परत ये." चुकीचं काही म्हणाले नाहीत. मी परतीचं तिकीट पाहायला बसले.

रामाकोना, बुधवार

सकाळी डॉक्टरबाईंचा फोन आला. चंद्रकलाबाई आज कामावर आल्या नव्हत्या. शेडवरच्या एका बाईने आणखी सांगितलं होतं की त्यांचा थोरला भाऊ किडनीच्या आजाराने दोन वर्षांपूर्वी गेला, आणि त्याला डायलिसिसला नागपूरला न्यायचं काम शेवटपर्यंत चंद्रकलाबाईंनी केलं होतं.

"तिने आकडा पाहिला का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पाहिला," मी म्हटलं. "माझ्यामुळे पाहिला."

त्या म्हणाल्या, "मग तूच जा. मला दवाखाना सोडता येत नाही. जाताना यंत्र घेऊन जाऊ नकोस, घाबरेल."

मी पिशवीत यंत्र आणि थोड्या पट्ट्या घातल्या. डॉक्टरबाईंचं न ऐकण्याचं कारण मला तेव्हाही सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने जायला लाज वाटली असावी.

बसमध्ये माझ्या शेजारच्या बाईंनी मी कुठली, कुणाकडे, लग्न झालं का, हे सगळं पहिल्या दोन किलोमीटरमध्ये विचारून घेतलं आणि रामाकोना आल्यावर स्वतः खाली उतरून मला रस्ता दाखवला. पंचशील झेंड्याच्या चौकातून आत वळल्यावर चंद्रकलाबाईंचं घर. दोन खोल्या, पुढे सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. त्यांच्या शेजारी हार घातलेला एका पुरुषाचा फोटो.

चंद्रकलाबाई खाटेवर बसल्या होत्या. ओठ कोरडे दिसत होते.

"ये ताई, बस. तू काहून आली एवढ्या दूर?"

"तुम्ही कामावर आला नाहीत म्हणून."

"आज नाही गेली. डोकं दुखून राहिलं." त्यांनी उशाशी ठेवलेल्या स्टीलच्या लहान वाटीकडे पाहिलं. तिच्यावर झाकण होतं. मी विचारलं नसतं तर त्या बोलल्या नसत्या.

"यात काय आहे?"

"पाणी. दादाले डॉक्टरनं मोजून द्याले सांगितलं होतं. दिवसातून चार वाट्या. माह्याकडं तीच वाटी हाय अजून."

"तुम्ही कालपासून चार वाट्या पाणी पिताय?"

"तीन. दादानं पहिले नाही ऐकलं, आम्ही नाही ऐकलं, मंग आंग सुजलं त्याचं. त्याच्या पहिल्या कागदावर हाच आकडा होता ताई. चार आन् एक. मी फाइल धरून फिरली ना दोन वर्षं, मले पाठ हाय."

दिवस हिवाळ्याचे असले तरी दुपारचं ऊन कडक होतं, आणि कालचा सगळा दिवस त्यांनी पत्र्याखाली काम केलं होतं. मी माझ्या यंत्राची वळवलेली काच आठवत बसले. त्यांनाच माझी दया आली असावी, कारण त्या उठल्या. "चहा टाकतो. थांब, हात धुतो आंधी."

मोरीपाशी दगडावर अर्धं कापलेलं एक बारकं, पिवळट संत्रं ठेवलं होतं. त्यांनी ते उचललं, तळहातावर, बोटांवर, नखांच्या कडांना चोळलं, मग तांब्यातून थोडंसं पाणी ओतलं आणि हात पदराला पुसले.

"मावशी, हे काय लावलंत?"

"गळीचा संत्रा." झाडावरून अकाली पडलेली, विकायला न जाणारी फळं म्हणजे गळ. "छटाई करून करून हात चिकट होते, काळे होते. साबणानं निंघत नाही. हे चोळलं का साफ."

"काल? काल माझ्याकडे येण्याआधी?"

"काल तं चांगले घासले. सगळ्यायले घासाले लावले. तू एवढ्या दूरून आली, आमच्या हाताची घाण तुह्या मशीनले लागू नये म्हून."

मी मोरीपाशी गेले. माझे वडील गुऱ्हाळावर गूळ भरायचे. त्यांचे हात आई तिथल्याच चुलीतल्या राखेने घासून द्यायची. ज्या कामाचा डाग, त्याच कामाच्या जागी त्याचा उतारा सापडतो, हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. आणि तरी काल मी विचारलं नव्हतं की हात कशाने धुतलेत.

संत्र्याच्या रसात क जीवनसत्त्व असतं. ते पट्टीवर पडलं की विकराची वाट न पाहता स्वतःच इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, आणि ग्राफीनला कुणी दिले याच्याशी देणंघेणं नसतं, ते मोजत सुटतं. हे आम्हाला पुण्यात माहीत होतं. त्यासाठी ठिपक्यावर एक पातळ पडदाही दिला होता आणि तपासूनही पाहिला होता. पण माणसाच्या रक्तात जेवढं क जीवनसत्त्व असतं तेवढंच घालून तपासला होता. बोटाच्या रेघांमध्ये सुकलेला रस आमच्या हिशेबात नव्हता. स्पिरिटच्या बोळ्याने मी तो काढला नव्हता, फक्त पसरवला होता. आणि पुरुषांचे आकडे ठीक का, तेही आता कळलं: त्यांना कुणी हात घासायला लावलं नव्हतं.

"मावशी, ते अर्धं संत्रं मला द्या."

मी यंत्र काढलं. आधी माझं बोट साबणाने धुऊन, कोरडं करून टोचलं. शून्य पूर्णांक सात. मग दुसऱ्या बोटावर संत्रं चोळलं, पाण्याने जरासं विसळलं, पुसलं, स्पिरिट लावलं, टोचलं. तीन पूर्णांक सहा. चंद्रकलाबाई शेजारी उकिडव्या बसून पाहत होत्या. मग तेच बोट साबणाने, भरपूर पाण्याने धुतलं आणि पुन्हा टोचलं.

"अव माय, किती टोचते स्वतःले," त्या म्हणाल्या.

शून्य पूर्णांक आठ.

त्यांनी त्या अर्ध्या संत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मतलब, माहा आकडा संत्र्याचा हाय?"

मला हो म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण काल एक कच्चा आकडा मी त्यांना दिला होता, आणि आज कच्चा दिलासा द्यायचा माझा अधिकार नव्हता.

"असं मला वाटतं. खात्रीने उद्या सांगेन, नागपूरचा कागद आल्यावर. तुमच्या भावाला हा आजार होता, म्हणून कागद पाहिल्याशिवाय तुम्हाला तो नाही असं मी म्हणणार नाही."

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "खोटं नको बोलू."

पाण्याचं मात्र थांबता येणार नव्हतं. मी डॉक्टरबाईंना फोन लावून आवाज मोठा केला. त्या तिकडून जवळजवळ रागावल्याच. "चंद्रकला, तुझं अंग सुजलंय का? लघवीला होतंय का? मग मोजून पाणी प्यायला कुणी सांगितलं? भावाचं औषध बहिणीला चालत नाही. आत्ता तांब्याभर पी. मी ऐकतेय."

चंद्रकलाबाईंनी तांब्या तोंडाला लावला, दोन घोट घेतले आणि खाली ठेवला. "पेतो, बाई, पेतो," फोनकडे पाहून म्हणाल्या. मी तासभर बसले. चहा झाला, ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी झाली. तांब्या अर्धाच राहिला. एका रात्रीत बसलेली भीती डॉक्टरांच्या एका फोनने उठत नाही, हे मला त्या तांब्याकडे पाहून समजलं.

परतताना सरांना फोन करून मी येत नसल्याचं कळवलं. कारण ऐकून ते म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं." त्यांचं हे वाक्य मी जपून ठेवलं आहे. मोठी माणसं असं फार वेळा म्हणत नाहीत.

जामसांवली आणि पुन्हा रामाकोना, गुरुवार

गुरुवारी रिपोर्ट दुपारनंतर येणार होते. मला घरात स्वस्थ बसवेना, म्हणून काकू जामसांवलीला घेऊन गेल्या. तिथला हनुमान आडवा आहे, निजलेला. आमच्या गावचा वेशीवरचा मारुती उभा, शेंदूर थापलेला, कधीही उडी मारील असा. हा मात्र विसावलेला. आवारात आजारी माणसांना घेऊन आलेली कितीतरी घरं मुक्कामाला होती. कुणी चटईवर, कुणी झाडाखाली, पथ्याचं शिजवून खाणारी. मी विज्ञान शिकलेली. पण त्या चटयांवर बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यावर जे होतं तेच काल रामाकोन्याच्या खाटेवर होतं, आणि त्या दिवशी माझ्याही चेहऱ्यावर तेच असणार. मी देवाकडे काय मागितलं असं काकूंनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, "एका बाईचा कागद."

"आपला नाही का काही?"

"तोच आपला."

साडेतीनला डॉक्टरबाईंचा फोन आला. "शून्य पूर्णांक आठ. एकदम चांगला आहे. शेडवरच्या सगळ्याच बायकांचे चांगले आहेत. कागद घेऊन जातेस की फोनवर सांगू?"

मी सौंसरच्या झेरॉक्सच्या दुकानातून कागद छापून घेतला आणि बस पकडली.

चंद्रकलाबाई अंगणातच होत्या. मी कागद हातात दिला. त्यांनी त्यावरच्या हिंदी-इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवत खालपर्यंत नेलं आणि बरोबर ओळीवर थांबल्या; मला दाखवावी लागली नाही. मग आत गेल्या आणि एक निळी प्लास्टिकची फाइल घेऊन आल्या. फाइल जाड होती, कडा चुरगळलेल्या. त्यातला सगळ्यात खालचा कागद काढून त्यांनी तो माझ्या कागदाशेजारी खाटेवर ठेवला. दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. चार पूर्णांक एक. शून्य पूर्णांक आठ.

"दादा, माहा चांगला हाय," फोटोकडे न पाहता त्या म्हणाल्या. मग उठून आत गेल्या. माठातून पाणी घेतल्याचा आवाज आला, भांडं पुन्हा बुडाल्याचा आवाज आला, आणि पुन्हा एकदा. बऱ्याच वेळाने पदराने तोंड पुसत बाहेर आल्या.

मी माफी मागितली. मी काच वळवली, मी विचारलं नाही, दोन दिवस तुम्ही तहानलेल्या राहिलात. त्यांनी ऐकून घेतलं. मध्येच "जाऊ दे" वगैरे म्हणाल्या नाहीत, सगळं ऐकून घेतलं, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

"मशीन पूर्ण झालं का, तं काय होईन?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दादांसारख्या माणसाला आकडा गावातच कळेल. लवकर कळेल, अंग सुजायच्या आधी."

"अन् आता तू चालली?"

"उद्या. तुम्हा लोकांना पुन्हा सुई टोचायचं तोंड नाही मला."

निघताना त्यांनी माझ्या पिशवीत डझनभर संत्री टाकली आणि बसपर्यंत सोबत आल्या.

सौंसर, शुक्रवार

माझी गाडी दुपारची होती. सकाळी नऊच्या सुमारास डॉक्टरबाईंचा फोन: "शेडवर ये. डबा घेऊन ये. मलाही नळ्या घेऊन बोलावलंय आणि कारण कुणी सांगत नाही."

मी पोहोचले तर शेडच्या मागे, हापशापाशी, बायकांची रांग लागली होती. हापशाच्या कठड्यावर साबणाच्या दोन वड्या. चंद्रकलाबाई हापसत होत्या, आणि त्यांचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता.

"नखात घाल साबण, नखात. संत्र्याले हात लावला तं पुन्हा मागं. इंदू, तू साल खाऊन राहिली ना? थुक ते. जा, पुन्हा धू."

"किती धूवू व? कातडी निंघते आता."

"निंघू दे. पुण्याची बाई पुन्हा नाही येणार तुह्यासाठी."

मला पाहून त्यांनी दांडा सोडला. "हे पाह्य, परवानगी मी सगळ्यायची विचारली. ज्यायले नाही द्याची त्या तिकडं बसल्या, त्यायले काही म्हणत नाही. ह्या चौदा जणी देऊन राहिल्या. तू म्हणशीन, तोंड नाही. तोंडाचं काय काम हाय? बोटाचं काम हाय."

डॉक्टरबाई हसत पेट्यांच्या ढिगावर नळ्या मांडायला लागल्या. संमतीपत्रं पुन्हा वाचून सह्या झाल्या. मी प्रत्येकीच्या आधी विचारत गेले: हात कशाने धुतले, कधी धुतले, त्यानंतर कशाला लावले. हा प्रश्न आता आमच्या नियमांच्या कागदावर पहिल्या ओळीत आहे. पहिला थेंब पुसायचा आणि दुसरा घ्यायचा, हेही त्या सकाळी सुरू केलं. आकडे शांत येत गेले. एकीचा थोडा वर होता, तो मी वहीत लिहून ठेवला आणि तोंडाने काही बोलले नाही. नागपूरच्या कागदाशी तो नंतर पडताळून पाहायचा होता.

सगळ्यात शेवटी चंद्रकलाबाई बसल्या. हात पुढे केला. साबणाने इतका धुतला होता की बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. मंगळवारच्या टोचल्याचा बारीक ठिपका अजून दिसत होता, म्हणून मी शेजारचं बोट घेतलं. टोचलं, पुसलं, थेंब पट्टीला लावला. आता दोन मिनिटं थांबायचं होतं.

या वेळी मी यंत्र दोन्ही हातांच्या ओंजळीत झाकून धरलं होतं. त्याची गरज पडली नाही. पट्टी लावल्याबरोबर चंद्रकलाबाईंनी मान फिरवली होती आणि त्या ढिगाकडे, छटाईला बसलेल्या बायकांकडे पाहत होत्या.

"आकडा तू पाह्य," त्या म्हणाल्या. "मले कागद सांगन."